सगळ्यांना सारखंच वागवायचं की ‘माणूस बघून’ बोलायचं?

प्रश्न थोडक्यात असा होता. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, होऊन आठ महिने झालेत, पुण्यात एका वस्तीतल्या कुटुंब सल्ला केंद्रात नोकरी आहे. कॉलेजात शिकवलं की प्रत्येक क्लायंटला समान वागवा, आणि सेंटरवरच्या सिनियर म्हणतात ‘अगं माणूस बघून बोलायचं असतं’. मी सगळ्यांना एकच फॉर्म, एकच पद्धत, एकच होमवर्क देते, तरी निम्मे लोक पहिल्या-दुसऱ्या भेटीनंतर फिरकतच नाहीत. माणूस बघून बोलणं हा भेदभाव नाही का? आणि लोक येत नाहीत ते माझ्यामुळे की त्यांच्यामुळे?

तुला ‘तू’च म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. (चालत नसेल तर सांग, हे तू-तुम्हीचं प्रकरण पुढे येणारच आहे.) मी बावीस वर्षं या कामात आहे. पहिली सहा एका सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत, मग वस्तीत, आणि आता आठवड्यातले दोन दिवस एरंडवण्यात खाजगी पण बसते. म्हणजे सकाळी पाच घरची धुणीभांडी करणारी मावशी आणि त्याच दिवशी संध्याकाळी हिंजवडीहून ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून आलेला मॅनेजर, दोघांसमोर तीच मी बसलेली असते, त्यामुळे तुझा प्रश्न मला रोजचाच आहे.

आधी एक सांगते, तुझ्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. तू फॉर्म सगळ्यांना सारखा देतेस, पण त्या फॉर्ममधून प्रत्येकाच्या हातात पडतं ते सारखं नसतं. एकीला तो कागद म्हणजे आपल्याकडे कोणीतरी नीट लक्ष देतंय असं वाटतं आणि दुसरीला परीक्षा. समाजकार्यातली बिस्टेकची सात तत्त्वं तू परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केली असशील, आम्हीही केली होती, १९५७ सालची. त्यातलं पहिलंच तत्त्व प्रत्येक माणूस वेगळा धरून चालण्याचं आहे, म्हणजे तुझं कॉलेज आणि तुझ्या सिनियर ताई एकमेकींच्या विरोधात बोलत नाहीयेत. समोरचा कोण आहे हे बघून त्याला कमी देणं, कमी वेळ, कमी मान, कमी माहिती, हा भेदभाव. सगळ्यांना तेवढंच मिळावं म्हणून देण्याची रीत बदलणं हा नाही. पण सिनियरांच्या वाक्यात एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलेय, ते नंतर सांगते.

आता कशावर काय अवलंबून आहे तेही आधीच कबूल करते. तुझ्या सेंटरला फंडिंग कुणाचं, दर महिन्याला किती केसेस दाखवाव्या लागतात, खोली बंद होते की मध्ये नुसता पडदा आहे, यावर तुझ्या हातात किती आहे ते ठरतं. मी जे सांगतेय ते मोठ्या माणसांबरोबरच्या कामातलं जास्त आहे, लहान मुलांचं वेगळं शास्त्र आहे, त्यात मी पडत नाही.

लोक गळतात त्याबद्दल. २०१२ साली ६६९ अभ्यास एकत्र करून बघितले होते, मोठ्यांच्या मानसोपचारात मध्येच सोडून जाणारे किती, तर साधारण पाचात एक. तरुण क्लायंट जास्त सोडतात आणि शिकाऊ समुपदेशकांकडून जास्त सोडतात असंही त्यात दिसलं. ते अभ्यास आपल्या वस्तीतले नव्हेत हे मान्य, पण दोन गोष्टी त्यातून घे. गळती सगळ्यांकडेच होते, आणि आठव्या महिन्यात ती तुझ्याकडे थोडी जास्त असणार, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तरी निम्मे म्हणजे जरा जास्तच आहेत, तिथे काहीतरी बघायला हवं.

दुसरा एक जुना आडाखा आहे, लँबर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा, १९९२ चा. थेरपीतून जो फरक पडतो त्यातला साधारण ४० टक्के क्लायंटचा स्वतःचा आणि त्याच्या आयुष्यातल्या गोष्टींचा, ३० टक्के तुमच्या दोघांच्या नात्याचा, १५ टक्के ‘आता बरं वाटेल’ या आशेचा आणि उरलेला १५ टक्के तंत्राचा. हे मोजून काढलेले आकडे नाहीत, अंदाजच आहे, आणि लोक वेदवाक्यासारखे सांगत सुटतात ते चूक. पण अंदाजाची दिशा माझ्या अनुभवाला पटते. आपण ट्रेनिंग सगळं त्या शेवटच्या १५ टक्क्यांचं घेतो आणि पहिल्या ४० कडे बघायला फॉर्मवर तीन रकाने असतात, वय, शिक्षण, वैवाहिक स्थिती, तेही भरून झाले की पान उलटतं.

आता माझी गोष्ट. जनता वसाहतीतली एक बाई, पस्तिशीची, कोथरूडमध्ये चार घरं करायची. नवरा प्यायचा, हिला झोप नाही, छातीत धडधड. मी तेव्हा नुकतीच सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायच्या थेरपीची, कार्यशाळा करून आले होते, फार उत्साह होता, तिला विचारांची नोंद करायचा तक्ता दिला, कधी काय घडलं, मनात काय आलं, किती वाईट वाटलं शंभरापैकी, असे पाच रकाने. तिने संमतीपत्रावर वळणदार सही केली होती त्यामुळे मला पुढे काही विचारायचं सुचलंच नाही. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी केसपेपरवर लिहून टाकलं ‘क्लायंट मोटिव्हेटेड नाही’. महिन्याभराने भाजीच्या गाडीपाशी भेटली, माझ्याकडे बघून पदर सारखा केला आणि म्हणाली, ताई तुमचा पेपर कोराच राहिला म्हणून आले नाही. तिला सही तेवढी येत होती, बचत गटात शिकवली होती. तो तक्ता तिने घडी करून पाकिटात जपून ठेवला होता, मला काढून दाखवला, घामाने घड्यांवर विरलेला.

ते ‘मोटिव्हेटेड नाही’ मी नंतर खोडलं, पण ते लिहिताना मला जराही शंका आली नव्हती हे मला अजून खुपतं.

मग आम्ही काय केलं, तिच्या घरात भिंतीला कालनिर्णय होतं, तसं ते सगळ्यांच्याच घरात असतं. मी म्हटलं रात्री झोप लागली नाही, फार घाबरायला झालं, तर त्या तारखेवर एक लाल टिकली लाव. बरा दिवस गेला तर काही लावू नको. नवऱ्याने विचारलं तर सांग दुधाचा हिशोब आहे. महिन्याने ती पान फाडून घेऊन आली तर लाल टिकल्या जवळपास सगळ्या शनिवार-रविवारी. नवरा बिगारी काम करायचा, आठवडा शनिवारी हातात पडायचा. तिची धडधड ‘विनाकारण’ नव्हतीच, शनिवारी दुपारपासून तिचं शरीर तयारी करत होतं. मग काम सोपं झालं, शनिवारी मुलांना घेऊन कुठे जायचं, पैसे कुणाकडे ठेवायचे, शेजारणीला काय खूण करायची, हे ठरवलं. आणि हो, ते सीबीटीच होतं, फक्त कागदाऐवजी टिकल्या.

या एका केसमधून मी जे शिकले तेच मला तुला सांगायचंय. क्लायंटचं वय, शिक्षण, जात, पैसा, भाषा यावरून त्याचा प्रॉब्लेम काय आहे ते कळत नाही. त्यावरून दोनच गोष्टी कळू शकतात, तुझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसायला त्याला काय मोजावं लागलं आणि तू बोलतेस त्याचा त्याच्या कानात काय अर्थ होतो. आणि त्याही अंदाजाने कळत नाहीत, विचाराव्या लागतात.

मोजावं लागणं म्हणजे फक्त फी नाही, तुझं सेंटर फुकटच असेल. धुणीभांडी करणाऱ्या बाईला दुपारी दोन ते चार मोकळे मिळतात, चारला पाणी येतं, पाणी चुकलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत घरात भांडण. तुमच्या सेंटरच्या अपॉइंटमेंटा बहुतेक अकरा ते पाच आणि दोन ते अडीच लंच, असंच ना? म्हणजे तिच्या दोन तासातला सगळ्यात चांगला अर्धा तास तुमच्या डब्याला गेला. रोजंदारीवाल्याने तुझ्याकडे यायचं म्हणजे खाडा. शिवाय दार रस्त्यावर उघडत असेल आणि वर ‘कुटुंब सल्ला केंद्र’ अशी मोठी पाटी असेल तर आत शिरणारी बाई दहा घरांना दिसते आणि संध्याकाळपर्यंत सासूला कळतं. आम्ही बाहेरच्या खोलीत शिवणक्लास सुरू केला तेव्हा येणाऱ्या बायका वाढल्या. शिवायला शिकल्या किती ते विचारू नकोस.

भाषेचं. लोक तुझ्याकडे ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत येत नाहीत. डोकं जड होतंय, हातापायाला मुंग्या, जीव घाबरा होतो, अन्नावर वासना नाही, बीपी लो झाला, कशात जीव लागत नाही, हे ऐकू येतं. यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे डिप्रेशन नाही आणि प्रत्येक वाक्य म्हणजे नुसतं शरीराचंही नाही, म्हणून आधी थायरॉइड-हिमोग्लोबिनला पाठवायचं आणि सोबत ऐकतही राहायचं. पीएचक्यू-९ ही डिप्रेशन तपासायची प्रश्नावली तुमच्याकडे वापरत असाल, नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. मराठीतही आहे, पण वाचून दाखवलं की परीक्षेसारखंच होतं. मी आधी गप्पांत सगळं विचारून घेते, त्यांचेच शब्द वापरून, आणि गुण नंतर मांडते. अंगात येतं असं कुणी सांगितलं की नव्या पोरी एकदम अंधश्रद्धेवर भाषण चालू करतात. नको करूस. कधीपासून येतं, कुणासमोर येतं, आल्यावर घरातले कसे वागतात ते विचार. मला एक सूनबाई भेटलेली, अंगात आल्यावरच तिला घरात कुणी उलट बोलायचं नाही. हां, पण भूत काढायच्या नावाखाली मारहाण चालू असेल, उपाशी ठेवत असतील, डॉक्टरकडे जाऊ देत नसतील, तर तिथे ऐकून घेणं संपलं, त्यासाठी आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

शिकलेल्या क्लायंटबद्दल आपण उलट्या बाजूने चुकतो. नवी पेठेत अभ्यासिकेत बसणारा एमपीएससीचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, बीड जिल्ह्यातला. आल्या आल्या बर्नआउट, अँझायटी, प्रोक्रॅस्टिनेशन सगळं मलाच समजावून सांगितलं, तक्ते भरून आणायचा, सुबक अक्षर. चार भेटी झाल्या, फरक शून्य. पाचव्या भेटीला मी तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं गावाकडे शेवटचं कधी गेलास. दोन वर्षं गेला नव्हता, बहिणीच्या मुलाच्या बारशालाही नाही. वडिलांनी अर्धा एकर विकून पैसे पाठवलेले, गावात लोक आत्ताच ‘साहेब’ म्हणतात. शब्द सगळे पुस्तकातले होते आणि भीती बसस्टँडवर उतरण्याची होती. सहा जणांच्या कॉट बेसिसच्या खोलीत राहायचा, त्यामुळे फोनवर सेशन ठेवलं की हा नुसता हं हं करायचा. आता मी फोनवर सुरुवातीलाच विचारते, आत्ता आजूबाजूला कोण आहे. हा एक प्रश्न कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मला कुणी शिकवला नाही.

आपणहून आलेला आणि पाठवलेला यात तर जमीन-अस्मानाचा फरक. पोलिसांनी, कोर्टाने, बायकोने, मुलाने पाठवलेला माणूस तुझा क्लायंट अजून झालेलाच नसतो. दारू सोडायची की नाही हे ठरलेलं नसताना दारू कशी सोडायची ते शिकवत बसलं की तो हो हो म्हणतो आणि जातो. १९८३ मध्ये प्रोचास्का-डिक्लेमेंटेने बदलाच्या पायऱ्या मांडल्या, त्याच वर्षी मिलरने मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचं, म्हणजे बदलायचं कारण माणसाच्याच तोंडून काढून घेणाऱ्या बोलण्याच्या रीतीचं, पहिलं लिखाण केलं, तुला ते अभ्यासाला असेलच, ते फक्त व्यसनापुरतं ठेवू नको, जबरदस्तीने आलेल्या प्रत्येकाला लावून बघ. माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘तुम्हाला इथे यायचं नव्हतं ना?’ खांदे खाली येतात लगेच. पुरुषांशी, विशेषतः कष्टकरी पुरुषांशी, समोरासमोर खुर्ची टाकून डोळ्यात बघत बोललं तर चौकशी वाटते. कट्ट्यावर शेजारी बसून रस्त्याकडे बघत जास्त बोलतात. आणि व्यसनाच्या केसमध्ये आपण एकट्याने मोठं व्हायला जायचं नाही, येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथे पाठवायचं आणि आपण घरच्यांना धरून ठेवायचं.

वयाबद्दल दोन टोकाच्या गोष्टी. एका निवृत्त काकांना मुलगा घेऊन आला, बाबा एकलकोंडे झालेत, उत्तर देत नाहीत, चिडतात. मी दोन सेशन एकाकीपणा वगैरे केलं. तिसऱ्यांदा पंखा बंद होता, लाइट गेलेली, तर काका एकदम नीट बोलायला लागले. ऐकू येत नव्हतं! पंख्याच्या आवाजात माझं अर्धं त्यांना कळतच नव्हतं आणि कळत नाही हे सांगायची लाज. कानाचं मशीन आलं आणि निम्मी केस संपली. दुसरं टोक सोळा-सतरा वर्षांची मुलगी. इथे वय हा कायदा आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याखाली अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती कळवणं तुला बंधनकारक आहे, ‘कुणाला सांगणार नाही ना ताई’ असं ती म्हणाल्यावर मान हलवायची नाही. हे तिने तोंड उघडण्याच्या आधी, पहिल्या पाच मिनिटात सांगायचं, कुठल्या गोष्टी माझ्यापाशी राहतील आणि कुठल्या मला पुढे सांगाव्याच लागतील. त्याने काही मुली गप्प होतात हे खरं आहे, त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही, पण नंतर फसवलं गेल्याची भावना त्याहून वाईट असते. मार खाणाऱ्या मोठ्या बाईचं मात्र उलटं. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, सगळं तिला समजावून सांगायचं, पण तक्रार करायची का आणि कधी हे तिने ठरवायचं, कारण घराबाहेर पडल्यावरची रात्र तिला काढायची असते, आपल्याला नाही.

मध्येच एकदा गोळा करते, फार पसरलं. नवीन माणूस आला की माझ्या डोक्यात चार गोष्टी चालू असतात, इथे यायला याचं काय पणाला लागलं, कुणी पाठवलं, लिहिणं-वाचणं-ऐकणं-बोलणं यातलं काय सोपं जातं, आणि घरात याच्या बदलण्याला हो किंवा नाही म्हणणारं कोण आहे. हे फॉर्मवर नाही, चहा होईपर्यंत गप्पांत.

आता जात आणि आपण स्वतः. हे कॉलेजात पटकन उरकतात. पुण्यात ओळख म्हणजे दुसरा प्रश्न आडनाव, आणि आडनाव कळलं की दोन्हीकडे काहीतरी बंद होतं. माझं बोलणं ऐकून एक बाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, तुम्ही पेठेतल्या ना, तुमच्यात असलं काही होत नसेल. मी हसून विषय बदलला. ते चुकलंच माझं, तिने दार अर्धं उघडून बघितलं होतं आणि मी ते लावून टाकलं. आज असती तर म्हटलं असतं, होय पेठेतली आहे, मला तुमच्या घरातलं सगळं कळेलच असं नाही, चुकले तर थांबवा मला.

मग बाईला बाई, त्या-त्या समाजाचाच समुपदेशक द्यावा का, असं लोक विचारतात. २०११ मध्ये अमेरिकेत वंशाच्या बाबतीत असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, तर आपल्या वंशाचा थेरपिस्ट हवा असं क्लायंटला बऱ्यापैकी वाटतं, पण प्रत्यक्ष बरं होण्यात त्याने फरक जवळपास पडत नाही. त्यांचा वंश आणि आपली जात एक नाही, पण मी यातून एवढं घेते की मागितलं तर द्यावं, न मागता वाटणी करू नये. लैंगिक हिंसेत मात्र मी विचारतेच, बाई चालेल की पुरुष. आणि हाक कशी मारायची हेही विचारायचं. साठीच्या बाईला ‘ताई’ म्हटलं तर काहींना बरं वाटतं, काहींना ‘मावशी’च हवं असतं. पण सोसायटीतून आलेल्या बाईला ‘तुम्ही’ आणि वस्तीतल्या तिच्याच वयाच्या बाईला ‘तू’, हे सेंटरवर होत असेल तर ते बंद कर, तुझ्या सिनियर करत असल्या तरी. तो मात्र भेदभाव.

गोव्यात एक मोठा प्रयोग झाला होता, मानस नावाचा, २०१० मध्ये छापून आला. २४ दवाखाने, १२ सरकारी, १२ खाजगी डॉक्टरांचे, आणि डिप्रेशन-अँझायटीच्या पेशंटना डिग्री नसलेल्या पण ट्रेन केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी मदत केली. सरकारी दवाखान्यात येणाऱ्यांना चांगला फायदा झाला, खाजगीत येणाऱ्यांच्यात मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. सेवा तीच, समुपदेशक तसेच, पण कुठला पेशंट कुठून येतोय आणि त्याला आधीपासून काय मिळतंय याने निकाल बदलला. कुणी तुला ‘ही पद्धत सगळीकडे चालते’ म्हटलं की हे आठव.

समाजसेवेच्या बाजूचं एवढंच की तिथे क्लायंटचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणजे त्याच्याकडचे कागद. मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबाचं रेशनकार्ड गावचं, आधारवर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. टाकलेल्या बाईला निराधार योजनेत बसवायचं तर नवऱ्याने टाकलंय याचा पुरावा आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मानसिक आजारही आहे, ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं तर बऱ्याच सवलती उघडतात, पण स्किझोफ्रेनियाच्या पेशंटला रांगेत तीन तास उभं कोण करणार? दोनदा मी स्वतः ससून हॉस्पिटलला सोबत गेलेय, आणि खरं सांगते, त्या दोन घरांशी माझं नातं सेशनमध्ये नाही, त्या रांगेत जमलं. काही क्लायंटना आधी कागद आणि मग मन, हा क्रम लागतो. उलटा चालवला तर आपण त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवत बसतो आणि घरात भाडं थकलेलं असतं.

आणि काय बदलायचं नाही तेही ऐक. मरावंसं वाटतं का, हे प्रत्येकाला विचारायचं, सरळ. शब्द त्याचे घे, ‘जीव नकोसा होतो का, जीव द्यावा असं मनात येतं का’, पण विचार. विचारल्याने डोक्यात कल्पना घुसते हे खोटं आहे. म्हातारं माणूस आहे, देवभोळी बाई आहे, कॉर्पोरेटमधला हसरा माणूस आहे म्हणून गाळायचं नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं, तो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आपल्यासमोर टाकून घ्यायचा, आणि ज्याच्याकडे स्वतःचा मोबाइल नाही त्याच्यासोबत रात्री कुणाचं दार वाजवायचं ते ठरवायचं.

आता तो खड्डा. ‘माणूस बघून’ चा अनुभव वाढला की माणूस न विचारताच दिसायला लागतो. मंडईत भाजी विकणाऱ्या पन्नाशीतल्या एक बाई, तीनदा आल्या कंबरदुखी घेऊन. मी तीन वेळा कष्ट, वजन उचलणं, झोप, मुलाचं लग्न यावरच बोलले. चौथ्यांदा मी रजेवर, माझ्या जागी पंचवीस वर्षांची ज्युनियर बसली होती, तिला अनुभव नसल्यामुळे तिने फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न विचारला, नवऱ्याशी शरीरसंबंध कसे आहेत, हाही. बाई रडायलाच लागल्या, त्या त्यासाठीच येत होत्या. मी पन्नाशीची भाजीवाली बघितली आणि तो प्रश्न मनातल्या मनात खोडून टाकला होता. म्हणून तुझा फॉर्म फेकून देऊ नको, प्रश्न सगळे सगळ्यांना विचार, फक्त कसे आणि कधी विचारायचे ते माणसागणिक बदल.

आणि आत्ता लगेच काय करायचं, तर जे निम्मे आले नाहीत त्यातल्या पाच-सहा जणांना फोन कर. ‘का आला नाहीत’ नको, त्यात जाब आहे. ‘मागच्या वेळी माझं काही समजायला अवघड गेलं का, वेळ गैरसोयीची होती का’ असं विचार, माझ्या त्या कोऱ्या पेपरवाल्या बाईसारखं काहीतरी निघेल. मेसेज टाकू नको, घरात फोन कुणाकुणाच्या हातात असतो ते आपल्याला माहीत नसतं. यापुढे पहिल्याच भेटीत विचारून ठेव की फोन दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू. माझ्या एका क्लायंटने मला शिवणक्लासच्या बाई करून ठेवलंय, सात वर्षं झाली. मध्ये तिचा नवरा रस्त्यात भेटला आणि मला विचारत होता, ब्लाउजची शिलाई आता किती घेता.